मीठफुटीच्या रानात समुद्राचा मासा

कुंभार्लीच्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या बैलगाड्या कधीकाळी गूळ, मिरची, धान्य घेऊन जायच्या आणि परतताना मीठ आणि सुकी मासळी घेऊन यायच्या. कराडपासून मिरजेपर्यंतच्या आठवडे बाजारांत सुकट-बोंबलाची पाटी आजही दिसते ती त्याच जुन्या वाटेची खूण. आता त्याच कृष्णाकाठाला मीठ विकत आणायची गरज नाही, ते रानातच फुटतं. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये नदीकडच्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटी ऊस असतो आणि मध्येच एखादा तुकडा अचानक उघडा पडलेला दिसतो. सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी साय आलेली असते. कडेला लव्हाळा आणि वेडी बाभूळ माजलेली, सखल कोपऱ्यात पाणकणीस उभं. पाऊल टाकलं की वरचा पापुद्रा मोडतो आणि खाली काळा, ओला चिखल लागतो. सातबारावर ही जमीन बागायत आहे. गावात तिला मीठफुटीचं रान म्हणतात.

या रानात समुद्राचा मासा वाढवता येईल का, असा प्रश्न आता विचारला जातो. सांगली आणि सातारा समुद्रापासून बरेच आत, मध्ये सह्याद्रीची भिंत. तरीही प्रश्न वेडगळ नाही. हरियाणातला रोहतक समुद्रापासून याच्या कितीतरी पट दूर आहे आणि तिथे समुद्री कोळंबीची तळी भरतात. पण रोहतकला जमलं म्हणून सांगलीजवळच्या डिग्रजला जमेल, हा हिशेब मात्र फसवा आहे. तो का, हे कळायला आधी हे मीठ आलं कुठून ते पाहावं लागतं.

कराडजवळ खोडशीला कृष्णेवर ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे. तिथून निघालेला कृष्णा कालवा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. त्यानंतर १९६० च्या दशकात कोयनेचं धरण झालं, नदी बारमाही झाली, काठावर सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे पंप बसले, रेठऱ्यापासून सांगलीपर्यंत साखर कारखाने उभे राहिले. खोल काळी जमीन, बारा महिने पाणी आणि हमीचं गिऱ्हाईक असलेला ऊस. पाणी मोजून द्यावं असं कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं. पाणीपट्टी एकरावर ठरायची, घनमीटरवर नाही. मोकाट पाणी सोडायचं, रात्रीची वीज आली की मोटर चालू करून झोपायचं, ही रीत पडली.

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं. ती पाणी धरून ठेवते आणि सहज सोडत नाही. वरून दिलेलं जास्तीचं पाणी खाली मुरुमापर्यंत जाऊन निचरून जाण्याऐवजी साठत जातं, भूजलाची पातळी वर येते. ती जमिनीपासून चार-पाच फुटांवर आली की उन्हाळ्यात माती ते पाणी वर ओढून घेते. पाण्याची वाफ होते, त्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. बेसॉल्ट झिजून निघालेले क्षार, सिंचनाच्या पाण्यातून आलेले क्षार, खतांचे क्षार, असे सगळे वर्षानुवर्षं त्याच थरात जमा होतात. यात समुद्राचा थेंबही नसतो. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत त्याच्या पट्ट्यात जमिनी खारावल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच काढली. त्याआधी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली होती. उसाला पाणी द्यायचं ते ठरावीक गटात आणि ठरावीक हिश्श्यातच, बाकी क्षेत्र कमी पाण्याच्या पिकांखाली, म्हणजे पाणीही पुरेल आणि जमीनही टिकेल. पुढे क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या निचऱ्याचा कसून अभ्यास केला. नीरेचा उजवा कालवा सातारा जिल्ह्यातल्या फलटणमधून जातो, तेव्हा हे ज्ञान काही परक्या मुलखातलं नव्हतं. तरी कृष्णाकाठाने तीच चूक अर्ध्या शतकाने आणखी मोठ्या प्रमाणावर केली. आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी आटपाडी, खानापूर, जतच्या माळावर चढलंय. दुष्काळी भागाला त्याची गरज होतीच. पण तिथे जिथे जिथे काळ्या रानात मोकाट ऊस लागेल, तिथे मीठही मागोमाग येईल.

(कोयनेचं दरवर्षी साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत गोडं पाणी वीज करून पश्चिमेला, वाशिष्ठीच्या वाटेने समुद्रात जातं. घाटाखाली गोडं पाणी समुद्राला मिळतंय आणि घाटावर रान खारट होतंय, याची मौज वाटावी की चीड यावी, हे ज्याच्या त्याच्या सातबारावर अवलंबून.)

केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात सुमारे ६ लाख ७ हजार हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. त्यातली सुमारे ४ लाख २३ हजार हेक्टर चोपण आणि १ लाख ८४ हजार हेक्टर क्षारयुक्त. हा फरक शेतकऱ्याला पायाखाली कळतो. क्षारयुक्त जमीन पांढरी आणि भुसभुशीत दिसते. चोपण जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की कुदळीलाही दाद देत नाही, कारण तिच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि सामू साडेआठच्या पुढे गेलेला असतो. तळं खणणाऱ्याने या दोन्हींतला फरक आधी ओळखला पाहिजे. चोपण रानातल्या पाण्याचा सामू चढाच राहतो आणि चढ्या सामूला माशाच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया जास्त विषारी होतो.

अशा रानाचं काय करायचं याला एक उत्तर कृष्णाकाठाने स्वतः शोधलंय. जमिनीखाली चार-पाच फुटांवर छिद्रांचे, फिल्टर गुंडाळलेले पन्हाळीदार पाइप ठरावीक अंतरावर टाकायचे, ते मोठ्या पाइपाला जोडायचे आणि पाणी ओढ्यात काढून द्यायचं. सच्छिद्र निचरा प्रणाली हे तिचं कागदोपत्री नाव. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचे गट करून हे काम हजारो एकरांवर नेलं आणि जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे पुन्हा ऊस उभा राहिला. कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथेही या जमिनींवर वर्षानुवर्षं काम झालंय. माझं मत विचाराल तर ज्या रानाला निचरा देता येतो त्याला आधी निचराच द्यावा. मासा त्यानंतर. कारण निचरा जमीन परत देतो, तळं ती अडकवून ठेवतं.

पण निचरा सगळीकडे होत नाही. त्याला उतार लागतो, पाणी सोडायला ओढा लागतो, मधल्या शेतकऱ्यांची संमती लागते आणि एकट्याला न पेलणारा खर्च लागतो. गावाच्या सगळ्यात सखल भागात, जिथे सगळ्यांचं पाणी उतरून येतं, तिथे पाइप टाकूनही पाणी जायला वाट नसते. असे तुकडे बहुधा छोट्या खातेदारांचे. मत्स्यशेतीचा विचार करायचा तो या तुकड्यांसाठी.

जगात शेतीतला मासा आता पकडलेल्या माशाच्या पुढे गेलाय. अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पाळलेल्या जलचरांचं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झालं, पकडलेल्यांचं ९ कोटी १० लाख टन. असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे समुद्री मत्स्यशेतीचं संशोधन तीन-चार संस्थांत वाटलेलं आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कोबिया आणि पॉम्पॅनो या माशांची पिल्लं मंडपमच्या केंद्रात तयार केली, २०१० आणि २०११ मध्ये. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्य संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जिताडा या खाडीतल्या माशाचं कृत्रिम प्रजनन साधलं होतं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची. या संस्थेचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे आणि आपल्या गोष्टीतला मुख्य धागा तिथून निघतो.

हरियाणात जमिनीखालचं पाणीच खारं आहे. ते उपसून तळ्यात भरलं आणि कोळंबीची पिल्लं सोडली, तर खारटपणा पुरेसा असूनही पिल्लं मरायची. तळाला आडवी पडायची, शेपटीचा भाग आकडी आल्यासारखा वळून पांढरा पडायचा. हेच अमेरिकेत अलाबामात आणि ऑस्ट्रेलियातही दिसलं होतं. अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठातल्या क्लॉड बॉइड आणि ॲलन डेव्हिस यांच्या गटांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की कमतरता मिठाची नसून पोटॅशियमची आहे. लाहलीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या पाण्यासाठी तेच गणित बसवलं.

ते गणित समजायला रसायनशास्त्र फार लागत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम साधारण साडेदहा ग्रॅम, मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम चारशे आणि पोटॅशियम जवळपास तेवढंच, चारशेला थोडं कमी. कोळंबी हजारो पिढ्या याच प्रमाणात जगत आली. तळ्यांत पाळतात त्या व्हेनामी जातीच्या कोळंबीचं रक्त लिटरला साधारण २५ ग्रॅमच्या खारटपणाचं असतं. त्याहून फिक्या पाण्यात ठेवली की बाहेरचं पाणी शरीरात शिरू लागतं आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. तिच्या कल्ल्यांतले पंप हे क्षार चोवीस तास परत ओढून घेत असतात. त्या पंपांना सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम लागतं. ते पाण्यात नसलं की पंप अडखळतो. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात नेमकं हेच कमी असतं, कारण चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवते.

आता सांगलीच्या माणसाला कळेल असा हिशेब करू. समुद्राच्या प्रमाणाने दर ग्रॅम खारटपणामागे लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम पोटॅशियम हवं. समजा आपल्या विहिरीच्या पाण्याचा खारटपणा ५ ग्रॅम आहे, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ईसी (विद्युतवाहकता) आठच्या आसपास. मग ५५ मिलिग्रॅम पोटॅशियम पाहिजे आणि तपासणीत निघतं समजा १०. तूट ४५. एक एकर तळ्यात चार फूट पाणी म्हणजे ४९ लाख लिटरांच्या वर. तूट भरायला सुमारे २२२ किलो पोटॅशियम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते जवळपास निम्मं असतं. म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलो पोटॅश, पन्नास किलोची नऊ पोती. हेच ते लाल पोटॅश, जे ऊसवाला वर्षानुवर्षं सोसायटीतून उचलत आलाय. फक्त आजवर ते सरीत पडायचं, आता पाण्यात पडेल. आणि एकदा टाकून भागणार नाही. काळ्या मातीचा तळ त्यातलं काही गिळून टाकतो, पावसाने पातळ होतं, म्हणून हंगामात पुन्हा पुन्हा पाणी तपासून भर घालावी लागते. मॅग्नेशियमचंही असंच मोजावं लागतं. कॅल्शियम कृष्णाकाठच्या जड पाण्यात बहुधा पुरेसं मिळतं, ही त्यातल्या त्यात सोय.

इथे रोहतक आणि डिग्रज वेगळे होतात. हरियाणा-राजस्थानात जमिनीखालचं पाणी मुळातच खारं, कित्येक ठिकाणी लिटरला दहा-पंधरा ग्रॅम आणि त्याहून जास्त. कृष्णाकाठचा खारटपणा माणसाने वरून पाणी ओतून तयार केलेला, वरच्या थरातला आणि जागोजाग बदलणारा. एका बांधावर पांढरी साय दिसते म्हणून त्याच रानातल्या विहिरीचं पाणी कोळंबीला पुरेल इतकं खारं असेल असं मुळीच नाही. जूनमध्ये पाऊस पडला की वरचा थर धुपतो आणि खारटपणा उतरतो. म्हणजे इथे प्रश्न खारटपणा जास्त असण्याचा नसून कोळंबीच्या मानाने तो तोकडा आणि अस्थिर असण्याचा आहे. हे ऐकायला विचित्र वाटतं. ज्या मिठाने ऊस मेला तेच मीठ समुद्राच्या जिवाला कमी पडतं.

मग कोणता जीव?

बाजाराचं उत्तर ठरलेलं आहे, व्हेनामी. मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची ही कोळंबी २००९ मध्ये भारतात व्यापारी शेतीसाठी परवानगी मिळून आली. त्याआधी टायगर कोळंबीच्या लाटेने पूर्व किनारा न्हाऊन निघाला होता, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९०च्या दशकात ती लाट फोडली आणि १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या बेबंद तळ्यांना वेसण घातली. व्हेनामी लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून चाळीसच्या पुढेपर्यंत खारटपणा सोसते, म्हणून ती आतल्या भागात येऊ शकते. साडेतीन-चार महिन्यांत माल निघतो. नफ्याचे आकडे मी देत नाही, ते सांगणारे गावोगाव फिरत असतात.

मला स्वतःला जिताड्यात जास्त रस आहे. रायगडकरांना जिताड्याची ओळख करून द्यायला नको. पेण, अलिबाग, उरण भागात खारभूमीच्या बांधाआड भातखाचरं आणि त्यांच्या कडेला तळी. पावसाळ्यात खाडीतून आलेली जिताड्याची पिल्लं धरून या तळ्यांत सोडायची आणि वर्ष-दोन वर्षांनी काढायची, ही तिथली जुनी पद्धत. कुणी शास्त्रज्ञाने ती शिकवली नाही. आगरी-कोळ्यांच्या घरात लग्नकार्याला, पाहुण्याला जिताडा म्हणजे मान. ऑस्ट्रेलियात यालाच बॅरामुंडी म्हणतात.

या माशाची ठेवण आपल्या कामाची आहे. तो वाढतो गोड्या आणि मचूळ पाण्यात, अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जातो. म्हणजे त्याला वाढवायला खारटपणा नसला तरी चालतो. खारटपणा लागतो तो पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात आणि ते किनाऱ्यावरच असणार. जन्माला येतो तेव्हा प्रत्येक जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी बरेचसे मादी होतात. त्यामुळे पैदाशीसाठी मासे सांभाळणं हे खर्चिक आणि कित्येक वर्षांचं काम, ते एखाद्या संस्थेनेच करावं. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती पुढची अडचण. जिताडा आपल्या भावंडांना खातो. स्वतःच्या लांबीच्या दोन-तृतीयांशपर्यंतचं भावंड तो गिळू शकतो. म्हणून पिल्लं लहान असताना दर चार-पाच दिवसांनी जाळीत घेऊन आकारानुसार वेगळी करावी लागतात. हे काम घरातल्या बायका हाताने, भांड्यांत पाणी घेऊन नीट करू शकतात. त्यात चुकलं तर दोन महिन्यांनी तळ्यात थोडे मोठे मासे आणि बाकी पाणी उरतं.

आता चिलापीचा विचार करा. सातारा-सांगलीच्या कुठल्याही तलावात, शेततळ्यात हा मासा शिरला की सहा महिन्यांत बोटाएवढ्या पिल्लांनी पाणी भरून टाकतो. ती कुणी घेत नाही आणि ती रोहू-कटल्याचं खाद्य फस्त करतात. जिताडा ही पिल्लं आवडीने खातो. माण-खटावमधल्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांपासून मिरजेच्या पाणथळीपर्यंत चिलापीसोबत मोजके जिताडे सोडणं हा प्रयोग इथे सर्वांत कमी धोक्याचा आहे, असं मला वाटतं. यात जमीन खारी आहे की नाही हा प्रश्नच गौण होतो. एकच काळजी, थंडी. वीस अंशांच्या खाली पाणी गेलं की जिताडा आणि कोळंबी दोघंही खाणं टाकतात आणि डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटेचा पारा त्याच्याही बराच खाली उतरतो. त्यामुळे कोळंबीचं पीक फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसाच्या तोंडापर्यंत बसवावं लागेल. जिताड्याला हिवाळ्यासाठी तळं खोल हवं.

तळ्याचा दिवस उसाच्या दिवसासारखा नसतो. ऊस लावला की आठवडाभर गावाला जाता येतं. कोळंबीच्या तळ्यावर रात्री तीन ते सूर्योदय हा सगळ्यात धोक्याचा काळ. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो खातं आणि पहाटे तळ्यात श्वास घ्यायला काही उरत नाही. तेव्हा चक्राचे एरेटर चालू असावे लागतात. महावितरणची वीज गेली तर डिझेल जनरेटर हवाच. अर्ध्या तासाचा उशीर आणि सकाळी काठाला लाल झालेल्या कोळंब्यांचा पट्टा. सकाळी चेक ट्रे वर काढायचा, चौकोनी जाळीचा. त्यात टाकलेलं खाद्य किती उरलं यावर दिवसाचा रतीब ठरतो. कोळंबी उचलून उजेडाला धरायची, आतड्याची रेघ भरलेली, सलग दिसते का पाहायचं. मिश्या तुटलेल्या नाहीत ना, पाठीवर ठिपके नाहीत ना. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास बऱ्याच कोळंब्या एकदम कात टाकतात, तेव्हा त्या मऊ असतात, खात नाहीत आणि एकमेकींना खातात. त्या दिवसांत खाद्य कमी, चुना आणि खनिजं जास्त. खाद्यात पस्तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि ते एकूण खर्चाच्या निम्म्याला भिडतं. पिल्लं आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, थर्माकोलच्या खोक्यांत येणार. पोचल्या पोचल्या ओतायची नाहीत. पिशवी तळ्यावर तरंगवून, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळत काही तास घालवायचे. ज्याने उसाच्या डोळ्यांची रोपं हलक्या हाताने लावलीत त्याला हा सावकाशपणा जमेल.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो प्रशिक्षणाच्या छापील पत्रकात बहुधा शेवटच्या पानावर असतो. तळं रिकामं करताना पाणी कुठे सोडायचं?

ते खारं आहे, त्यात पोटॅश आहे, विष्ठा आणि उरलेलं खाद्य आहे. ओढ्यात सोडलं तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जाईल, पुढे कृष्णेत. थायलंडमध्ये १९९०च्या दशकात भाताच्या खाचरांत टँकरने खारं पाणी आणून कोळंबीची तळी झाली. शेजारची भातशेती खारावू लागली तेव्हा १९९८ मध्ये सरकारने गोड्या पाण्याच्या भागांत त्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या वाकूल भागात खारं भूजल उपसून मरे नदीत न सोडता बाष्पीभवनाच्या बंदिस्त तळ्यांत साठवतात आणि तिथेच मत्स्यशेतीचे प्रयोग झाले. कृष्णाकाठाला दुसरा धडा घेण्यासारखा आहे. गावाच्या निचऱ्याचं पाणी ज्या टोकाला येतं त्या टोकाला सामाईक तळं, त्यात मासा आणि त्या तळ्याचं पाणी गाळून पुढच्या पिकाला पुन्हा तेच. बाहेर सोडायचंच नाही. असं केलं तर निचरा आणि मासा एकमेकांचे वैरी राहत नाहीत. पण हे एकट्याचं काम नाही. निचऱ्यासाठी जशी गटाची सोसायटी लागली तशीच इथेही लागेल आणि सहकाराचा अनुभव या दोन जिल्ह्यांना नवा नाही.

पुराचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. सखल, खारावलेलं, नदीकाठचं रान म्हणजे पुरात पहिल्यांदा बुडणारं रान. भरल्या तळ्यावरून पूर गेला तर शेतकऱ्याचं भांडवल गेलंच, शिवाय परदेशी कोळंबी आणि तिचे रोग कृष्णेत. गोड्या पाण्यात व्हेनामीची वीण होत नाही, त्यामुळे ती नदीत वसणार नाही, एवढा दिलासा. मरळ, वाम या नदीच्या माशांनी आधीच चिलापीचं आणि कारखान्यांच्या मळीचं बरंच सोसलंय. म्हणून पूररेषेच्या आत कोळंबीला परवानगी देऊ नये आणि पूररेषेच्या वरच्या तळ्यांतलं पीकही उशिरात उशिरा जुलैअखेर निघालेलं असावं.

परवानगी कुणी द्यायची, हाही पेच आहेच. किनारी जलकृषी प्राधिकरणाचा २००५ चा कायदा भरतीरेषेपासून दोन किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्याचा. सांगली त्याच्या बाहेर, म्हणजे जबाबदारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून भूभागातल्या खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीला अनुदान आहे. तरी हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत मिळून ५८ हजार हेक्टर खारी जमीन यासाठी दाखवली गेली आणि केंद्र सरकारच्याच सांगण्यानुसार त्यातली अवघी २,६०८ हेक्टर वापरात होती. अनुदान असूनही लोक का थांबतात, याचा शोध इथे तळी खणण्याआधी घेतलेला बरा. बाजारही एकसुरी. भारताची कोळंबी मुख्यतः अमेरिकेला जाते आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे आयातकर पन्नास टक्क्यांवर गेला तेव्हा आंध्रातले तळीवाले हवालदिल झाले. सांगलीच्या छोट्या तळ्याने या जुगारात पडूच नये. रत्नागिरी-मालवणहून बर्फात येणारी कोळंबी पुणे, कोल्हापूर, सातारा, सांगलीतच खपते. जिवंत किंवा त्याच दिवशी काढलेला माल या गिऱ्हाइकाला मिळाला तर तो दोन पैसे जास्त देईल.

संशोधन कशाचं हवं, तर इथल्या पाण्याचं. कसबे डिग्रजचं केंद्र मातीचं काम जाणतं, रत्नागिरीच्या शिरगावला दापोली विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याची संस्था आणि लाहलीचा तिचा अनुभव आहे. या सगळ्यांनी मिळून तालुकावार, विहीरवार, आणि मुख्य म्हणजे महिनावार पाण्याचा नकाशा केला पाहिजे. ईसी किती, सामू किती, सोडियमच्या मानाने पोटॅशियम किती, मे महिन्यात किती आणि सप्टेंबरात किती. हा नकाशा भिंतीवर लागल्याशिवाय एकाही तळ्याला अनुदान मिळू नये, इतकं माझं मत टोकाचं आहे.

तोवर एखाद्याला घाईच असेल तर त्याने पोकलेन बोलावण्याआधी तीन टब घ्यावेत. एकात स्वतःच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी पोटॅश मोजून घालून, तिसऱ्यात पिल्लांसोबत आलेलं हॅचरीचं पाणी. मत्स्यालयाला लावतात तसे हवेचे छोटे पंप लावून प्रत्येकात पन्नास पिल्लं सोडावीत आणि तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मेलेली मोजावीत. पहिला टब ओस पडला आणि दुसरा तगला तर पोटॅशचा हिशेब पुढे नेता येईल. दोन्ही ओस पडले आणि फक्त तिसरा तगला तर ते रान कोळंबीचं नाही. तिथे निचऱ्याच्या गटात नाव घालावं. गटाला उतार मिळत नसेल तर शेततळ्यात चिलापी आणि जिताडा.